रोव्ह बीटल ओळखायला शिकताना: आधी चिठ्ठी, मग नर, नाव सगळ्यात शेवटी

पावसाळा सरत आला की भातखाचरांजवळच्या घरांत रात्री ट्यूबलाईटखाली एक बारीक किडा येतो. 7 ते 10 मिलिमीटरचा, डोकं काळं, मान नारिंगी, मधे निळसर चमकणारे आखूड पंख, पोट परत नारिंगी आणि शेपटाचं टोक काळं. मुंगीसारखा तुरुतुरु पळतो आणि डिवचला की विंचवासारखं पोट वर करतो. हा पेडेरस, रोव्ह बीटलांच्या म्हणजे आखूड पंखांच्या भुंगेऱ्यांच्या घरातला. लोक फोटो पाठवून विचारतात हा कुठला, आणि उत्तर ठरलेलं असतं, पेडेरस फस्किपेस. मी पण बरीच वर्षं हेच सांगत होते. मग एकदा एकाच रात्री एकाच दिव्याखाली मिळालेले नऊ नमुने नीट उघडून बघितले, तर त्यातल्या नरांचे आतले अवयव दोन वेगळ्या तऱ्हांचे निघाले. बाहेरून नऊच्या नऊ सारखे! तेव्हापासून मी फोटोवरून जाती सांगणं बंद केलं, आणि नव्याने शिकणाऱ्यांना तिथपर्यंत पोचायला माझ्याएवढी वर्षं लागू नयेत म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे पुस्तकात जीनसला प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हणतात, पण पेपरात सर्रास "नवी प्रजाती सापडली" असं छापतात तेव्हा त्यांना स्पीशीज म्हणायचं असतं. मी इथे जीनस म्हणजे जीनसच लिहिणार, जाती म्हणजे स्पीशीज आणि उपजाती म्हणजे सबस्पीशीज. सगळ्या रोव्ह बीटलांचं मिळून एक कुळ, स्टॅफिलिनिडी. शेवटी "इडी" आलं की कुळ समजायचं, "इनी" आलं की बहुतेक वेळा उपकुळ. या एका कुळात आजवर 60 हजारांहून जास्त जातींची वर्णनं झालीत. जगातले सगळे पक्षी धरले तरी 11 हजारांच्या आसपास जाती होतात, यावरून अंदाज घ्या. म्हणून कोणी म्हणालं की दोन महिन्यांत सगळे ओळखायला शिकवतो तर सोडून द्या. एक उपकुळ नीट शिका, जमलं तर एकच जीनस.

हा रोव्ह बीटलच आहे ना?

वरचे कडक पंख, म्हणजे इलायट्रा, एवढे आखूड की पोटाचे पाच-सहा वळे उघडे दिसतात, ही मुख्य खूण. पण खालचे उडायचे पंख मात्र पूर्ण लांब असतात, ते त्या छोट्या झाकणाखाली घडी घालून ठेवलेले असतात आणि घडी डावी-उजवी वेगवेगळी पडते. दिव्यावर बसलेला किडा पोटाच्या टोकाने पंख आत ढकलताना एकदा बघा, मी आजही हातातलं काम सोडून बघत बसते.

सगळ्यात जास्त गफलत होते ती इअरविगशी, शेपटीला चिमटा असतो तो किडा. चिमटा दिसला की रोव्ह बीटल नाही. रोव्ह बीटलच्या टोकाला फार तर दोन बारीक काड्यांसारखं काही दिसेल, चिमटा कधीच नाही. उलट काही रोव्ह बीटल बघून वाटतच नाही की ते यातले आहेत. स्कॅफिडिनी नावाच्या उपकुळातले होडीसारखे गोलसर चकचकीत असतात आणि अळंबीवर सापडतात, त्यांचे पंख जवळजवळ सगळं पोट झाकतात. सेलॅफिनी तर इतके वेगळे दिसतात की आधी त्यांचं स्वतंत्र कुळच होतं, 1995 मधे ते स्टॅफिलिनिडीत आणले. म्हणजे आखूड पंख ही खूण नव्वद वेळा चालेल, दहा वेळा फसवेल.

पकडण्याआधी

पेडेरस हाताने धरू नका आणि अंगावर बसला तर चापट मारू नका. तो चावत नाही, डंख मारत नाही, पण त्याच्या अंगातल्या रसात पेडेरिन नावाचं विष असतं. किडा चिरडला की ते कातडीला लागतं, त्या वेळी काहीच कळत नाही आणि एक-दोन दिवसांनी लालभडक पट्टा उठतो, फोड येतात. गंमत म्हणजे हे विष किडा स्वतः बनवत नाही, त्याच्या शरीरात राहणारे जीवाणू बनवतात. अंगावर आला तर कागदाच्या कडेने अलगद झटकायचा, जागा साबणाने धुवायची आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही. नमुना हाताळताना चिमटा आणि हातमोजे. आणि घरात आला म्हणून शेतातले सगळे मारत सुटू नका, भातावरचे तुडतुडे खाणारा हा शेतकऱ्याच्या बाजूचा किडा आहे.

दुसरं म्हणजे परवानगी. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक किडासुद्धा उचलायचा नाही, 1972 चा वन्यजीव कायदा आहे. सुरुवात स्वतःच्या परसातून, ओळखीच्या शेतातून, गोठ्यातून करा, तिथेच वर्षभर पुरेल एवढं काम आहे.

कुठे नि कसे शोधायचे

दिवा ही सोपी जागा, पण दिव्यावर फक्त उडणारे येतात. खरी मजा खाली आहे. शेणाचा एक-दोन दिवसांचा पो बादलीभर पाण्यात सोडा, पाच मिनिटांत किडे वर तरंगायला लागतात, चहाच्या गाळणीने उचला. त्यात फिलोंथस या जीनसमधले हमखास मिळतात. जंगलाच्या कडेचा पालापाचोळा जाड चाळणीतून पांढऱ्या कापडावर चाळा आणि नुसतं बसून बघा, आधी काही दिसत नाही, मग दोन मिनिटांनी कचराच चालायला लागतो. हाच पाचोळा घरी आणून नरसाळ्यात जाळीवर ठेवला, वर साधा पिवळा बल्ब लावला आणि खाली अल्कोहोलची बाटली ठेवली की तीन-चार दिवसांत पाचोळा सुकत जातो तसे किडे खाली उतरतात. जमिनीवर पळणाऱ्यांसाठी प्लास्टिकचा ग्लास जमिनीत कडेबरोबर पुरायचा, तळाला मिठाचं पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. रोज बघा आणि काम झालं की ग्लास काढा, विसरलेला ग्लास महिनोनमहिने जीव मारत राहतो.

ओढ्याकाठच्या ओल्या वाळूत, सडक्या फळाखाली, अळंबीच्या पापुद्र्यांत, मेलेल्या जनावराखाली, कोकणात किनाऱ्यावर वाहून आलेल्या शेवाळाखाली, प्रत्येक ठिकाणचे वेगळे. कुठे मिळाला हीच ओळखीची पहिली खूण, म्हणून पुढचा मुद्दा मी सगळ्यात महत्त्वाचा मानते.

चिठ्ठी

नमुना बाटलीत गेला की त्याच क्षणी चिठ्ठी बाटलीत गेली पाहिजे. घरी गेल्यावर नाही, जेवण झाल्यावर नाही. पेन्सिलने लिहायची, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमधे निघून जाते. काय लिहायचं? राज्य, जिल्हा, तालुका, गाव, जीपीएस, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, कसा पकडला, कशात होता, कोणी पकडला. उदाहरणार्थ "महाराष्ट्र, पुणे, मुळशी, भातखाचराचा बांध, दिव्यावर, 12.10.2023", आणि त्यात गाव, जीपीएस, उंची, पकडणाऱ्याचं नाव पण घालायचं. माझ्याकडे एक आख्खा डबा आहे, साठ-सत्तर सुंदर नमुने, सगळे कोकणातले एवढंच आठवतं कारण त्या वेळी वाटलं होतं लक्षात राहील. त्यांची जाती कदाचित ठरवता येईल, पण उपजातीचा प्रश्न आला तर तो डबा काही कामाचा नाही, आणि का ते खाली येईलच.

मारण्यासाठी बरणीत कापसावर इथाइल अ‍ॅसिटेटचे थेंब, किंवा सरळ फ्रीझरमधे रात्रभर. साठवायला 70 टक्के अल्कोहोल, पण पुढे डीएनए करायचा विचार असेल तर 95 टक्क्यांच्या पुढचं घ्या. कोरडे ठेवायचे तर छोट्या त्रिकोणी कार्डाच्या टोकावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाने चिकटवा म्हणजे परत काढता येतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बुरशी लागते, डबा हवाबंद आणि आत सिलिका जेल. टाचणी त्या कार्डातून घाला, एवढ्याशा किड्याच्या पोटातून घालू नका, फाटतो.

उपकुळापर्यंत

10 पटीच्या भिंगाने सुरुवात होईल, पण खरं काम 40 पटीच्या आसपासच्या स्टिरिओ मायक्रोस्कोपवर. बघायच्या गोष्टी या क्रमाने बघा आणि वहीत लिहा.

आधी अँटेना कुठून फुटतात ते. डोळ्यांच्या मधोमध कपाळावरून फुटत असतील तर बहुतेक अ‍ॅलिओकॅरिनी, हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात छळणारं उपकुळ, बारीक तपकिरी शेकडो सारखे दिसणारे. नवीन असाल तर ते वेगळ्या बाटलीत भरा नि बाजूला ठेवा, मनावर घेऊ नका. अँटेना कपाळाच्या पुढच्या कडेवरून असतील आणि किडा मोठा, जबडे दणकट असतील तर स्टॅफिलिनिनी. डोळे एवढे मोठे की डोकं म्हणजे डोळेच वाटावेत, अंग बारीक आणि खडबडीत ठिपक्यांचं, तर स्टेनिनी. यातल्या स्टेनसचा खालचा ओठ बाणासारखा बाहेर फेकला जातो आणि टोकाच्या चिकट गादीला भक्ष्य चिकटतं. पाण्यावर पडला तर पोटाच्या टोकातून एक द्रव सोडून घसरत काठाला येतो. एकट्या स्टेनस जीनसमधे 3 हजारांहून जास्त जाती आहेत. डोक्यावर मागच्या बाजूला दोन साधे बारीक डोळे मण्यांसारखे दिसले तर ओमॅलिनी.

मग पायाच्या टोकाची पेरं मोजा, पुढचा पाय, मधला, मागचा या क्रमाने. 5-5-5 हे नेहमीचं. ऑक्सिटेलिनीत बऱ्याच वेळा 3-3-3 मिळतं. अ‍ॅलिओकॅरिनीत 4-4-5, 4-5-5, 5-5-5 असं काहीही. पेरं मोजताना पाय पांढऱ्या कागदावर खालून उजेड देऊन बघा, मोजणी तीनदा करा, कारण पहिलं पेर फार छोटं असतं आणि सुटतं.

जीनस

जीनससाठी प्रत्येक गटाची आपली आपली खूण आहे. फिलोंथसमधे मानेच्या वरच्या ढालीवर, प्रोनोटमवर, मधोमध दोन बाजूंना खोल ठिपक्यांच्या दोन ओळी असतात. एका ओळीत ठिपके किती, तीन, चार की पाच, यावरून पुढे गट पडतात. उजेड तिरका टाका, समोरून टाकलात तर चकाकीत ठिपके हरवतात. पेडेरस बघायचा तर पायाचं चौथं पेर बघा, ते खाली दोन पाकळ्यांसारखं दुभंगलेलं असतं. आणि नराच्या पोटाच्या खालच्या बाजूला आठव्या पट्टीत मधोमध खोल अरुंद चीर असते, मादीत ती नसते. नर-मादी ओळखायला हीच सोय आहे, पुढच्या पायरीला नरच लागतो.

जुनी भारतीय माहिती हवी असेल तर माल्कम कॅमेरॉनने फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया मालिकेत रोव्ह बीटलांचे खंड लिहिले, पहिले तीन 1930 ते 1932 मधे आणि चौथा 1939 मधे. आजही भारतातल्या जातींसाठी सुरुवात तिथूनच होते, नेटवर फुकट वाचायला मिळतात. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्यातली बरीच नावं नंतर दुसऱ्या जीनसमधे गेली किंवा दुसऱ्या नावात विलीन झाली, आणि त्यातल्या किल्ल्या, म्हणजे एकेक खूण निवडत नावापर्यंत नेणाऱ्या याद्या, मुख्यतः रंग, आकार, ठिपके अशा बाहेरच्या खुणांवर आहेत. तिथून उमेदवार मिळतो, निकाल मिळत नाही.

रंगाबद्दल एकच उदाहरण देते. फस्किपेस म्हणजे लॅटिनमधे गडद पायांचा, आणि मेलॅम्पस म्हणजे ग्रीकमधे काळ्या पायांचा. पेडेरसच्या दोन वेगळ्या जातींची ही नावं आहेत! आणि फस्किपेसचे पाय प्रत्यक्षात बरेचसे पिवळट-तांबूस असतात, मांडीचं टोक तेवढं गडद. नावात रंग आहे म्हणून रंगावर जाती ठरवायला गेलात की फसलात. त्यात नुकताच कोषातून निघालेला किडा सगळाच फिका असतो आणि अल्कोहोलमधे वर्ष काढलेल्याचा नारिंगी रंग उतरतो.

जाती: इथे नर उघडावा लागतो

नराचा प्रजनन अवयव, एडीगस, हीच रोव्ह बीटलची सही. दोन जाती बाहेरून डिट्टो असल्या तरी एडीगस वेगळा असतो. करायचं असं: कोरडा नमुना कोमट पाण्यात तासभर मऊ होऊ द्या. मग मायक्रोस्कोपखाली एका चिमट्याने पोट हलकेच धरा आणि दुसऱ्या आकड्यासारख्या वाकवलेल्या बारीक सुईने शेवटच्या वळ्यांमधून आतला भाग मागे ओढा. घाई केली तर आख्खं पोट सुटून येतं. एडीगस बाहेर आला की साधारण बटाट्यासारखा फुगीर बुंधा आणि पुढे निमुळता होत गेलेला भाग असा दिसतो, मधाच्या रंगाचा. भोवतीचं मांस काढायला 10 टक्के कॉस्टिक पोटॅशमधे ठेवतात, पण फार वेळ नाही, बारीक भाग गळून पडतात, आणि चष्मा लावल्याशिवाय पोटॅशला हात लावू नका. मग ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून वरून, खालून, बाजूने असे तिन्ही फोटो. फक्त वरून काढलेला फोटो कुणाच्याच कामाचा नसतो.

फिलोंथसमधे एडीगसला चिकटलेला एक पातळ भाग असतो, पॅरामीअर, त्याच्या आतल्या बाजूला बारीक काळे खुंट असतात. ते किती आणि कसे मांडलेले हे जातीगणिक ठरलेलं असतं. पहिल्यांदा दिसले तेव्हा मला कोणीतरी पेनने टिंबं काढलीत असं वाटलं होतं. अ‍ॅलिओकॅरिनीत मादीची शुक्रकोशिका, म्हणजे शुक्राणू साठवायची पिशवी, पण कामाला येते. काम झालं की एडीगस फेकायचा नाही, छोट्या कार्डावर चिकटवून त्याच टाचणीला नमुन्याखाली लावायचा.

मग जुळवणी. चित्राशी जुळवलं तर "बहुधा", नीट ओळखलेल्या नमुन्याशी जुळवलं तर "हो", आणि शंका राहिली तर मूळ टाइप नमुना, म्हणजे ज्याच्यावरून त्या जातीचं नाव ठरलं तो. कॅमेरॉनचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधे आहे. मॅक्स बर्नहाउअर नावाचा ऑस्ट्रियातला एक नोटरी होता, त्याने हजारो रोव्ह बीटलांची वर्णनं केली, त्याचा संग्रह शिकागोच्या फील्ड म्युझियममधे. आपल्याला जवळ म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण, मुख्यालय कोलकाता आणि पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला. आधी पत्र लिहून, स्वतःचे फोटो आणि नोंदी नीट लावून जा.

उपजाती: इथे हात आखडता घ्या

उपजाती म्हणजे काय तर एकाच जातीचा एखाद्या भूभागातला गट जो इतर गटांपेक्षा कायम थोडा वेगळा दिसतो, पण जात एकच. यातला "भूभागातला" हा शब्द अधोरेखित करा. एकाच गोठ्यात, एकाच दिवशी लाल नि तपकिरी असे दोन रंग मिळाले तर त्या दोन उपजाती नव्हेत, तो एकाच लोकसंख्येतला फरक झाला किंवा मग दोन जाती.

चांगलं उदाहरण क्रिओफायलस मॅक्सिलोससचं. मेलेल्या जनावरांवर माश्यांच्या अळ्या खाणारा मोठा केसाळ रोव्ह बीटल. युरोप-आशियातला तो क्रिओफायलस मॅक्सिलोसस मॅक्सिलोसस, उत्तर अमेरिकेतला क्रिओफायलस मॅक्सिलोसस व्हिलोसस. तीन शब्दांचं नाव म्हणजे उपजाती. पहिल्यात जातीचं नाव दोनदा का आलं? कारण जातीची एक उपजाती वेगळी काढली की मूळ नमुना ज्या गटातला त्याला आपोआप तेच नाव परत मिळतं. आणि पूर्ण नाव लिहिताना क्रिओफायलस मॅक्सिलोसस (लिनियस, 1758) असा कंस येतो, तो सजावट म्हणून नसतो. लिनियसने ते वर्णन स्टॅफिलिनस या जीनसमधे केलं होतं, नंतर जीनस बदलली, हे तो कंस सांगतो. जीनस बदलली नसेल तर कंस लावायचाच नाही. आता माझा तो बिनचिठ्ठीचा डबा आठवा: नमुना कुठला हेच माहीत नसेल तर तिसरं नाव कशाच्या जोरावर लिहिणार?

किती फरक हवा याला पक्ष्यांच्या अभ्यासातून आलेला एक जुना ठोकताळा आहे, 75 टक्क्यांचा. एका गटातले निदान 75 टक्के नमुने दुसऱ्या गटापासून वेगळे ओळखता आले पाहिजेत. म्हणजे दोन नमुन्यांवर उपजाती होत नाही, दोन्हीकडचे मूठभर नव्हे तर भरपूर नमुने लागतात आणि मधल्या भागातले पण लागतात, कारण बऱ्याचदा एका टोकाकडून दुसऱ्याकडे फरक हळूहळू बदलत जातो आणि मधे रेघ मारायला जागाच नसते.

जुन्या पुस्तकात "व्हरायटी" असं लिहिलेलं नाव सापडलं तर वर्ष बघा. प्राणी नामकरणाच्या नियमांप्रमाणे 1961 च्या आधी व्हरायटी म्हणून दिलेलं नाव सहसा उपजातीच्या दर्जाचं धरतात, त्यानंतर दिलेलं असेल तर ते नियमांच्या बाहेरचं. "अ‍ॅबरेशन" म्हणून दिलेलं नाव साधारणपणे धरतच नाहीत.

आपल्या सह्याद्रीसाठी एक खास गोष्ट. न उडणाऱ्या रोव्ह बीटलांकडे लक्ष द्या. पोटाच्या वरच्या सातव्या पट्टीची मागची कड बघा, उडणाऱ्यांना तिथे पांढऱ्या बारीक झालरीची कडा असते, न उडणाऱ्यांत ती बहुधा नसते आणि इलायट्रा पण आणखी आखूड होतात. असा किडा डोंगर सोडून फार लांब जात नाही, म्हणून शेजारच्या दोन डोंगरांवरचे गट वेगळे झालेले असू शकतात. तिथे एडीगस ठळक वेगळा निघाला तर मी जाती वेगळ्या धरेन, थोडाच वेगळा असेल तर डीएनएची साथ घेईन. बारकोडसाठी, म्हणजे डीएनएच्या एका ठरलेल्या तुकड्यावरून जाती ओळखायला, सीओआय जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचतात. पण नुसत्या बारकोडवर नवीन उपजाती जाहीर करू नका. फरक आहे एवढं तो सांगतो, त्या फरकाला काय म्हणायचं हे नमुने बघून आपल्यालाच ठरवावं लागतं.

कुठे थांबायचं आणि काय लिहायचं

मादी आहे, पेडेरस नक्की, पुढे कळत नाही? "पेडेरस, जाती अनिश्चित, मादी" असं लिहा आणि थांबा. ही पूर्ण आणि खरी नोंद आहे. नवीन काही सापडलंय असं खरंच वाटलं तर 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नव्या जातीचा नमुना ठरवून दिलेल्या संग्रहालयात जमा करावा लागतो, प्राण्यांसाठी ते काम भारतीय प्राणी सर्वेक्षण करतं. नमुने परदेशी तज्ज्ञाला पोस्टाने पाठवण्याआधी पण याच कायद्याचे नियम बघा, साधं पाकीट टाकून मोकळं होता येत नाही.

ओळख पटली की दुसरी छोटी चिठ्ठी, त्यावर नाव, कोणी ओळखलं आणि कुठल्या वर्षी. ती जागेच्या चिठ्ठीखाली लावायची. पाच वर्षांनी कोणी म्हणालं की तुमची ओळख चुकली तर तुमची चिठ्ठी काढायची नाही, त्यांची तिच्याखाली टाचायची, आणि अशा तीन-चार चिठ्ठ्या झाल्या तर टाचणी लांब घ्यायची.